लिफाफा उघडल्यावर

सरांनी लिफाफा फाडला आणि आतला आकडा फळ्यावर लिहिला. माहीत असलेल्या उत्तराकडे कुणी आकडेमोड वळवू नये, म्हणून आम्ही काढलेलं प्रोटॉनचं वस्तुमान चार वर्षं त्या गुप्त आकड्याने गुणून ठेवलं होतं. आता भागाकार झाला. उत्तर प्रयोगाशी तंतोतंत जुळलं. टाळ्या पडल्या, पेढे आले.

हातात पेढा धरून मी शेवटचं पान पुन्हा वाचलं. संगणकात अवकाश म्हणून घेतलेली आमची बिंदूंची जाळी इवलीशी, खरं अवकाश अफाट. त्या फरकाची दुरुस्ती उत्तरातून वजा करायची होती; मी ती उत्तरात मिळवली होती. वजा केली तर काहीच जुळत नव्हतं.

सरांना बाजूला घेऊन मी पान दाखवलं. त्यांचं पेढा चघळणं थांबलं.

"काल सांगितलं असतंस, तर लगेच सुधारलं असतं," ते हळूच म्हणाले आणि त्यांनी फळ्याशेजारी चिकटवलेल्या कागदाकडे बोट दाखवलं.

'लिफाफा उघडल्यावर काहीही बदलायचं नाही.' खाली आम्हा सहा जणांच्या सह्या होत्या. हा नियम नको म्हणणारे एकटे सर होते. त्यांच्याशी भांडून मीच त्यांची सही घेतली होती.