नाव न घेता

सायलीनं फोनचा पडदा खाली ओढून सोडला. लाल खूण तशीच होती.

"आज बी येऊन गेला?" शेंगा फोडता फोडता केसरबाईनं विचारलं.

"कुणीतरी येऊन गेलं, आई. रोज येतंय. जुळत नाही, मग परत जातंय."

"तोच असंल, तर जुळाया नको व्हय?"

सायलीनं पडदा पुन्हा ओढला. भाऊ बापाशी भांडून गेला, नंबर बदलला, आणि सिडकोतल्या या घरात त्याचं नाव काढायचं नाही, असं कडूबानं बजावलं. तेव्हापासून मायलेकींच्या तोंडी 'तो' तेवढा राहिला.

त्याचा जीव बिटकॉइनसारख्या कॉइनच्या बाजारात, म्हणून सायलीनं तिथंच थोडी कॉइनं उसनी द्यायला ठेवली होती. मध्ये बँक नाही, सावकार नाही. देणारानं सगळ्यांना दिसतील अशा अटी घालायच्या, घेणारानं शाळेचा दाखला कुणाला न दाखवता, आपल्याच फोनात ठेवून त्या शाबीत करायच्या. देणाराला ना नाव दिसतं, ना ठिकाण. जुळलं का नाही, तेवढंच कळतं. सायलीच्या अटी दुनियेत एकालाच बसाव्यात अशा होत्या: शिकला देवगाव रंगारीला, आई केसरबाई, बाप कडूबा, जन्म त्याच्या सालातल्या नागपंचमीच्या तारखेचा.

"नाव न घेता वळख पटवायची," केसरबाई हसून म्हणाली होती, "त्यात काय नवल? मी तुझ्या बापाचं नाव न घेता उभा संसार केला."

आज ती हसली नाही. "दुसराच कुणी असंल," म्हणाली आणि टरफलं गोळा करू लागली.

"एक जून."

दोघींनी वळून पाहिलं. गॅलरीत कडूबाच्या तोंडापुढं पेपर होता.

"काय म्हणालात, अण्णा?"

"दाखल्यावर एक जून हाय. शाळंत घालताना गुरुजीनं समद्याच पोरांची तीच लावली." पेपर खाली आला नाही. "नागपंचमी तुझ्या आईच्या ध्यानात. कागदाला काय ठावं?"

सायलीनं तारीख बदलली. चहा झाला, कप विसळून झाले. दिवेलागणीला फोन थरथरला.

खूण हिरवी झाली होती.

"हाय ना गं?" केसरबाई जवळ सरकली.

"आहे."

"कुठं हाय? जेवतो का येळंवर?"

"ते नाही कळत, आई. आहे, तेवढंच."

"घेतलं किती?"

"सगळ्यात कमी जेवढं घेता येतं, तेवढंच."

केसरबाईनं पदराला बोट पुसलं आणि त्या हिरव्या खुणेवरून हळूच फिरवलं, तान्ह्याच्या टाळूवरून फिरवावं तसं.

"मुदत किती ठेवलीस?" गॅलरीतून आलं.

"मुदत नाही, अण्णा. त्याला जमेल तेव्हा. पण फेडलं, की संपलं. मग काहीच दिसणार नाही."

गॅलरीतला पेपर खाली आला.

"घाई करू नको म्हण त्याला."

"अण्णा, तिथं बोलायची सोयच नाही."

"तरी म्हण."