सायलेन्सर

“आई उद्या दुपारपर्यंत पोचेल तुझ्याकडे. हो, कायमचीच म्हणतेय. मी तरी काय करू?”

नवऱ्याचा आवाज छतातून आला. सून दचकली. ती सासूबाईंच्या खोलीत मिस्त्रीचं स्टूल धरून उभी होती. नवरा पलीकडच्या, त्या दोघांच्या खोलीत, दार लावून आपल्या बहिणीशी फोनवर बोलत होता. बोलत कसला, कुजबुजत होता. तरी शब्द न् शब्द कानाशी बसून सांगावा तसा ऐकू येत होता.

“हे असं कसं?” तिने विचारलं.

मिस्त्री ताज्या हवेच्या यंत्राची सफाई करायला आला होता. त्याने छतातली गोल जाळी काढून आत हात घातला, चाचपलं आणि जीभ चावली. “वहिनी, चूक आमची. दोन्ही खोल्यांना ताजी हवा एकाच नळीतून दिलीय. मधे आवाज अडवणारा डबा, सायलेन्सर, बसवायचा असतो, तो राहिलाच. तिकडचं बोलणं इकडे आणि इकडचं तिकडे. पहिल्या दिवसापासून असंच असणार. कुणी तक्रार कशी केली नाही?”

तिने वर जाळीकडे पाहिलं.

यंत्र थंडीच्या तोंडावर बसवलं होतं, ते सासूबाईंच्या खोकल्यासाठी. खिडक्या उघडल्या तर गारठा, बंद ठेवल्या तर कोंडमारा आणि भिंतीला बुरशी, अशा कात्रीत घर सापडलं होतं. हे यंत्र कोंदट हवा बाहेर टाकायचं, पण टाकण्याआधी तिची ऊब काढून आत येणाऱ्या ताज्या हवेला द्यायचं. थोड्याच दिवसांत खोकला पळाला. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला छताकडे बोट दाखवून यंत्राचे गुण गात.

आणि यंत्र आल्यापासून सासूबाईही बदलल्या होत्या. सुनेने घासलेली भांडी त्या पुन्हा विसळायच्या, ते थांबलं. सकाळी ठणाणा करणारा रेडिओ हळू झाला. एका संध्याकाळी सून कामावरून आली, तर दारातच त्यांनी पाठ केल्यासारखं विचारलं, “दमलीस का?” सुनेच्या हातातली पिशवी पडायचीच बाकी होती. ‘चांगली हवा मिळाली, डोकं ठिकाणावर आलं बाईंचं,’ असं ती थोरल्या बहिणीला फोनवर म्हणालीसुद्धा होती. आपल्या त्याच खोलीत बसून. दार लावून.

आता एकेक आठवायला लागलं. भांड्यांचं गाऱ्हाणं तिने ताईकडेच केलं होतं. रेडिओचंही. ‘या घरात दमलीस का म्हणून विचारणारं कुणी नाही गं,’ हेही तिचेच शब्द. सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं. भांडल्या नाहीत, टोमणा मारला नाही, लेकाचे कान भरले नाहीत. गुपचूप एकेक गोष्ट सुधारत गेल्या. त्यांच्या जागी आपण असतो तर घर डोक्यावर घेतलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. शरमेने कान तापले, पण शरमेहून जास्त माया दाटून आली.

मग मागचा आठवडा आठवला. तेव्हा ती ताईला म्हणाली होती, ‘त्या लेकीकडे राहायला गेल्या ना, तर हे घर मला माझं वाटेल.’ दुसऱ्याच दिवशी सासूबाई चहा पिता पिता म्हणाल्या होत्या, “मी लेकीकडेच राहते आता. तिथली हवा मानवते मला.” तिथली हवा! नणंदेचं घर ओलसर, थंडीभर खिडक्या बंद. गेला खोकला तिथे धावत परत आला असता.

“सायलेन्सर खाली गाडीत आहे.” मिस्त्री स्टुलावरून उतरला. “आत्ता आणतो आणि बसवून टाकतो. मग बोला काय बोलायचं ते, बिनधास्त.”

तो जिना उतरला. त्याच्या मागोमाग नवराही आईच्या प्रवासाचं काहीबाही आणायला बाहेर पडला. सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या आणि पलंगावर बसून न्यायच्या कपड्यांच्या घड्या करायला लागल्या. सून समोर उभी राहिली. तिने तोंड उघडलं.

“काय गं?”

“काही नाही. चहा ठेवू?”

“नको.”

इतक्या वर्षांत दोघींचं समोरासमोरचं बोलणं चहाच्या पुढे कधी सरकलंच नव्हतं. सून आपल्या खोलीत गेली. दार लावून घेतलं आणि नेहमीच्या जागी, जाळीखाली बसली. मिस्त्री वर यायच्या आत बोलायला हवं होतं. एकदा तो डबा बसला की ही वाटही बंद.

“ताई, ऐक ना,” तिने सुरुवात केली. “मागच्या आठवड्यात मी बोलले ते रागात बोलले गं. आई गेल्या तर हे घर मला खायला उठेल. आमचे हे तर मी घरात आले तरी मान वर करत नाहीत. विचारपूस करतात त्या आईच. त्यांनी माझ्यासाठी किती केलं, ते मला आत्ता कळतंय. उपकार मानावेत तेवढे थोडे आहेत. त्यांनी जाऊ नये असं फार वाटतं गं. पण त्यांच्यासमोर गेलं की जीभच उचलत नाही माझी.”

पलीकडची कपड्यांची सळसळ थांबली. मग जाळीतून कुणीतरी घसा खाकरला.

“अगं सूनबाई, तुझा फोन तर इथे माझ्या उशाशी पडलाय. तुझ्या ताईला मीच कळवू का, की म्हातारी कुठे जात नाही म्हणून?”