अंगणात पडला तर

“ते अंगन माझं हाय!”

दगडाबाई ओरडली आणि शाळेच्या व्हरांड्यातलं हसू जागच्या जागी थांबलं. भिंतीवरच्या पांढऱ्या चादरीवर प्रोजेक्टरनं सृष्टीचा क्रिकेटचा व्हिडिओ गेम चालू होता. पारनेर तालुक्यातलं हे गाव त्यात जसंच्या तसं होतं. मारुतीचा पार, पाण्याची टाकी आणि बरोबर लाँग ऑनला दगडाबाईचं अंगण. टेम्पोवाल्या छगननं मोबाईलवरून नुकताच एक उंच फटका तिथं मारला होता. लगेच खेळातली म्हातारी काठी घेऊन बाहेर आली, चेंडू पदरात टाकून आत गेली आणि छगन आऊट झाला.

खरी म्हातारी आता काठी घेऊन समोर उभी होती. काखेत कसलंसं बोचकं होतं.

सृष्टीनं लॅपटॉप स्वतःकडं ओढला. नगरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या या पोरीनं वर्षभर खपून हा खेळ बनवला होता. आज तो पहिल्यांदाच गावापुढं मांडला होता. दगडाबाईनं ‘माझं घर काढ’ म्हटलं की संपलं. त्या अंगणावाचून हा खेळ म्हणजे मिठावाचून पिठलं.

तसं खेळात खोटं काहीच नव्हतं. दगडाबाईची मुलं मुंबईला, घरात ती एकटी, आणि तिच्या अंगणात गेलेला चेंडू आजवर कुणाला परत मिळाला नव्हता. तिच्या तोंडाला लागण्यापेक्षा तीन वर्षांपूर्वी पोरांनी खेळच उचलून ओढ्यापलीकडं नेला. नियम मात्र सगळ्यांच्या तोंडी राहिला. अंगणात पडला तर आऊट.

“हे कुनी ठरवलं?” दगडाबाईनं काठी चादरीकडं रोखली.

“आजी, मी नाही ठरवलं. गावाचाच नियम हाय तो.”

“कुठं लिवलाय?”

आता आली का पंचाईत! सृष्टीनं लॅपटॉप तिच्याकडं वळवला. प्रत्येक वाडीचे नियम निराळे. कुठं एका टप्प्यावर झेललं तरी आऊट, कुठं भिंतीला लागला तर दोन धावा. म्हणून तिनं नियम खेळात पक्के बसवलेच नव्हते. ते बाहेर होते, लुआ नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या चार-चार ओळींत. तेवढा मजकूर पाठवायचा, की चालू खेळ तो वाचतो आणि त्याच घडीला तसा वागायला लागतो.

“म्हंजी डाव चालू आसताना नियम बदलतो?”

“व्हय. पण ओळ चुकली तर अख्खा खेळ बंद पडतो.”

“मंग माझा नियम लिव. आत्ताच.”

“झालं कल्याण,” छगन पुटपुटला. “आता अंगणात मारणारा दोनदा आऊट.”

दगडाबाई वाकली आणि सृष्टीच्या कानात काहीतरी बोलली. सृष्टीनं चमकून वर पाहिलं.

“नक्की?”

“लिव म्हनलं ना.”

तपासून न पाहिलेली ओळ चालू खेळात सोडायची नाही, हे सृष्टीला चांगलं ठाऊक होतं. पण सगळं गाव बघत होतं आणि म्हातारी काही हलत नव्हती. सृष्टीनं ओळी लिहिल्या, मारुतीचं नाव घेतलं आणि पाठवून दिल्या.

चादरीवरचं चित्र थिजलं.

“गेला!” मागून कुणीतरी म्हणालं. सृष्टीनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा बॅट्समन पुन्हा हलत होता.

“छगन्या, मार,” दगडाबाई म्हणाली. आऊट झालेल्याला परत बॅटिंग, पण हरकत घ्यायची कुणाची छाती होती?

छगननं जीव खाऊन फटका मारला. चेंडू टाकीवरून गेला आणि थेट अंगणात पडला. खेळातली म्हातारी बाहेर आली. तिनं काठी भिंतीला टेकवली. आणि अंपायरसारखे दोन्ही हात वर केले.

सिक्स!

शाळेची कौलं उडतील असा गलका झाला. पोरं नाचली, शिट्ट्या वाजल्या. सृष्टीला इतका आनंद झाला, की ती लॅपटॉप बाजूला ठेवून दगडाबाईच्या गळ्यातच पडली.

“सरक बाजूला,” दगडाबाई म्हणाली आणि तिनं बोचकं सोडलं. व्हरांडाभर चेंडू उधळले. लाल, हिरवे, उन्हानं विटलेले, टेप गुंडाळलेले.

“हा माझा! आठवीतला!” छगन एकामागं धावला. “आजी, भांडायला आल्ता ना तुमी?”

“भांडायला कशाला? तीन वर्सं झाली, रोज अंगन झाडतीय, एक चेंडू पडंना,” दगडाबाई म्हणाली. “आता सिक्स हाय. मारा की!”