शोध जनरेटरचा

पुराचं पाणी रुग्णालयाच्या तळघरात शिरलं आणि वीज गेली. थोरल्या सिस्टर हाताने रबरी पिशवी दाबून दाबून एका आजोबांचा श्वास चालू ठेवत होत्या. जनरेटरसाठी पूर-मदतीच्या समन्वय कक्षाला कितीदा फोन लावला, पण उत्तर ठरलेलं, "शोधतोय, धीर धरा." शेवटी ती पिशवी आजोबांच्या सुनेच्या हातात देऊन सिस्टर कमरेएवढ्या पाण्यातून स्वतःच तिथे जाऊन थडकल्या.

आत लख्ख उजेड, डोक्यावर पंखे गरगरताहेत, भिंतीवर भलामोठा नकाशा झळकतोय आणि चार खात्यांचे साहेब माइकवर एकमेकांचे आभार मानताहेत. सिस्टरांच्या अंगावरून निथळणारा चिखल पाहून एकाने आपले बूट मागे ओढले. सिस्टर थेट मोठ्या साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, माझा पेशंट त्याच्या सुनेच्या हातावर जगतोय हो! जनरेटरचं काय झालं?"

"अहो बाई, त्यासाठीच तर सकाळपासून बसलोय! एकाही खात्याकडे शिल्लक नाही," मोठे साहेब म्हणाले आणि वैतागून शिपायावर खेकसले,

 

"अरे, ती मागची खिडकी लाव आधी! त्या जनरेटरच्या घरघरीत बाईंचं बोलणं धड ऐकू येत नाहीये."