बिबट्या झालेली बाई

सासूबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून हर्षदाही त्यांच्या खोलीत अडकून पडली होती. दुपारी त्यांना पोथी वाचून दाखवायची आणि त्यांचा डोळा लागला, की तिथंच बसून मोबाईलवर क्रमशः येणारी प्रणयकथा वाचायची. नायक रात्री बिबट्या व्हायचा. त्याच्या नखांनी नायिकेच्या चोळीच्या गाठी सुटायच्या, हर्षदाच्या कानाच्या पाळ्या तापायच्या आणि नेमकी बेडपॅन द्यायची वेळ व्हायची.

आज तिनं पोथी उघडताच सासूबाई म्हणाल्या, “ती राहू दे. कालचं पुढे वाच.”

“कालचं?”

“पुटपुटत वाचायची खोड आहे तुला. झोपेचं सोंग घेऊन रोज ऐकते मी. काल त्यानं तिच्या मानेचा चावा घेतला, तीही बिबट्या झाली, कुंपणावरून उडी मारून गेली. तेवढ्यात ह्यांनी चहा मागितला आणि तू उठलीस.”

हर्षदानं पोथी मिटली.

सासूबाई छताकडे बघत होत्या. “एवढंच सांग. ती रानातच राहिली, की सकाळी घरी परतली?”

“मीही अजून वाचलं नाही, आई.”

बाहेरून सासऱ्यांनी चहासाठी हाक मारली. हर्षदा उठली आणि तिनं दाराला आतून कडी लावली.