रेंज नसलेली वाट

“ओढ्याकाठची वाट घेऊ,” धाकटा भाऊ म्हणाला. जंगलाच्या तोंडाशी लावलेल्या मोठ्या नकाशावर त्याने बोट टेकवलं. “सपाट आहे, सावली आहे. दिवसभर आरामात फिरू.”

ताईने हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली अडकवला आणि नकाशावरची लाल रेघ डोंगरमाथ्यापर्यंत बोटाने गिरवली. “आणि ही?”

“ती नको. नुसता चढ. त्यात मुळं, दगड. पडलीस म्हणजे?”

“तुला सायकल कोणी शिकवली रे?”

तो हसला, पण बोट खालच्या रेघेवरून हललं नाही. ही सुट्टी त्यानेच ठरवली होती. राहायची खोली, भाड्याच्या सायकली, सगळं त्यानेच पाहिलं होतं. आईची उजवी बाजू लुळी पडल्यापासून ताई एक रात्रही घराबाहेर राहिली नव्हती. या वेळी आईजवळ राहायला भावजय आपणहून आली होती. आपल्यासाठी कोणी इतकं करतंय म्हटल्यावर वाटेवरून काय भांडायचं?

“बरं बाबा. तुझीच वाट,” ती म्हणाली.

ओढ्याकडे नेणाऱ्या छोट्या उतारावर तिने ब्रेकवरची बोटं जरा सैल सोडली. मुळांवरून सायकल धडधडली, दात एकमेकांवर आपटले, आणि तिला मोठ्याने हसू आलं. ओढा लागला. पाणी उडून पायांवर आलं. तिने थांबून फोन काढला. रेंज नव्हती.

“सकाळपासून आईशी बोलले नाही.”

“बोलशील गं संध्याकाळी. आहे ना माझी बायको तिथे.”

पुढे वाट फुटत होती. लाकडी खांबावर लाल पाटी होती, तिचा बाण वर दाखवत होता. ताईने गिअर हलका केला आणि हँडल फिरवलं.

“ताई! ताई, थांब!”

“आईला वरून जंगल दाखवते!” ती ओरडली.

“अगं, ऐक तरी माझं!”

दम लागला बिचाऱ्याला, असं म्हणत ती उभ्याने पायडल मारत राहिली. मांड्या भरून आल्या, घाम डोळ्यांत उतरला, तरी ती उतरली नाही. माथ्यावर पोचली तेव्हाच पाय जमिनीला लावले. खाली सगळीकडे झाडांचे शेंडे होते. फोनला रेंज आली होती. तिने भावजयीला व्हिडिओ कॉल लावला.

उचलला आईने. डाव्या हातात फोन तिरका झाला होता, त्यामुळे आईचा अर्धाच चेहरा दिसत होता. मागची भिंत फिकट निळी होती.

त्यांच्या घरात निळी भिंत नव्हती.

पलंगाला लोखंडी कठडा होता. पलीकडे आणखी एक पलंग, त्यावर कोणी अनोळखी बाई पाठ करून झोपलेली.

“आई, कुठे आहेस तू? दवाखान्यात? काय झालं?”

“काही झालं नाही. बरी आहे मी.” आई एकेक शब्द सावकाश जुळवत बोलत होती. “त्याने सांगितलं नाही अजून?”

ताईने मागे पाहिलं. भाऊ सायकल हातात धरून चढत होता. तिचा चेहरा बघून तो तिथेच थांबला.

“काय सांगितलं नाही?”

“इथे माझ्यासारखीच माणसं आहेत. आता इथेच राहायचं मी. मीच म्हटलं त्याला, तिला कुठेतरी लांब ने. तू दारात उभी असतीस तर माझा पाय निघाला नसता.”

“मला विचारायचं तरी, आई.”

“विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस.”

“हो. नाहीच म्हणाले असते.”

“म्हणून तर.”

फोन आईच्या हातातून घसरला. पडद्यावर छत आलं, एक पंखा आला. मग भावजयीचा आवाज, “आई, पुरे आता, दमाल,” आणि कॉल बंद झाला.

भाऊ जवळ आला. “संध्याकाळी सांगणार होतो, ताई. शप्पथ.”

“म्हणून ओढ्याकाठची वाट.”

त्याने मान खाली घातली. “खाली रेंज नसते. मला वाटलं, निदान एक दिवस तरी तू मजेत… अगं, किती झिजलीस तू त्या घरात. आईला बघवत नव्हतं. आता तू मोकळी झालीस.”

ताईने हातमोजा काढला. तळव्यावर हँडलचे लाल वळ उठले होते. ती त्यांच्याकडेच बघत राहिली.

“काल निघताना तिने माझ्याकडून वेणी घालून घेतली,” ती म्हणाली. “घट्ट घाल म्हणाली, टिकायला हवी. मी म्हटलं, दोन दिवसांत येतेच आहे की मी. मी रिबिनीची गाठ मारत होते आणि तू खाली गाडीत बसून हॉर्न वाजवत होतास.”

“ताई…”

तो हात पुढे करून उभा राहिला. तिने तो घेतला नाही, झटकलाही नाही.

तेवढ्यात चढावरून एक जोडपं धापा टाकत आलं. नवऱ्याने सायकल झाडाला टेकवली, बायकोने बाटली तोंडाला लावली. दोघांचे चेहरे उन्हाने लाल झाले होते, आणि ती दोघं खुशीत होती.

“अहो ताई,” नवऱ्याने हसत विचारलं, “इथून पुढे कुठली वाट धरावी? सोपी कुठली?”

ताईने भावाकडे बोट दाखवलं.

“याला विचारा,” ती म्हणाली. “आमच्याकडे वाटा हाच निवडतो.”