लाट नसलेली जागा

लाटांचे खळगे रडारला शिखरांपेक्षा जोरात प्रतिसाद देतात, म्हणून उपग्रहाला समुद्र असतो त्याहून खाली दिसतो. लाटांची उंची बघून ती चूक भरून काढायची, हे ताईंचं बावीस वर्षांचं काम.

उंची शून्य आली, की मात्र तो आकडा त्या डोळे झाकून काढून टाकत. भर समुद्रात पाणी इतकं सपाट असतं होय?

आज जेवणानंतर त्यांनी सहज ती टाकलेली शून्यं नकाशावर मांडली. दर दहा दिवसांनी एक, आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा किनाऱ्याच्या जवळ.

"यंत्राचा घोळ असेल," शेजारच्या टेबलावरचे साहेब मान वर न करता म्हणाले.

ताईंनी पट्टी लावली. पुढचं शून्य ऑफिसच्या खिडकीखालच्या किनाऱ्यावर येत होतं. तारीख आजची.

त्यांना बसवेना. लेक रोज याच वेळी खाली पोहायला यायची. त्यांनी फोन लावला.

"अगं आई, आज पाणी कसलं गुळगुळीत आहे," लेक म्हणाली. "आत्ता उतरतच होते."

ताईंनी तोंड उघडलं, आणि त्यांच्या लक्षात आलं, की खिडकीतून येणारी लाटांची गाज मघापासून ऐकूच येत नव्हती.